प्रकाशमापकाचा काटा

१९७२ साली जपानमध्ये अवतरलेल्या व पुढे ऑलिंपस ओएम-१ म्हणून नावाजलेल्या कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाचा काटा आता पुष्कळदा खोटी साक्ष देतो. तो मुळीच हलत नसेल, तर बॅटरीची खोबण पाहावी; तेथला क्षार पुसताच कित्येकदा त्याला प्राण येतो. हलूनही फसविणारा काटा मात्र अधिक घातक! तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी घडविलेला. पारा विषारी म्हणून त्या बॅटऱ्या बाजारातून गेल्या. त्याजागी १.५ व्होल्टची बसविली, की काटा उजेड फुगवून सांगतो आणि छत्तीसच्या छत्तीस चित्रे काळवंडतात. मग परीक्षा सूर्यासमोर! निरभ्र दुपारी, उन्हात न्हालेल्या हिरवळीकडे रोखून, १२५ वेगाच्या फिल्मला छिद्र १६ आणि सेकंदाचा १/१२५ भाग ठेवावा. खरा काटा मध्याजवळ स्थिरावतो.