चालती वाट, मुजलेली वाट

मे महिन्यात मसाई पठारावर चालत कोण जातं, असं सगळ्यांनीच विचारलं. लोक तिथं पावसाळ्यात जातात. दरवर्षी जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती याच पठारावरून जाते. १६६० सालची ती रात्र, शिवा काशीद आणि बांदल मावळे आज जिवंत आहेत, कारण ती वाट अजून चालती आहे. जी वाट चालायची थांबते, तिच्यावर आधी झुडपं वाढतात आणि मग दंतकथा.

आम्हाला पठाराच्या कड्यातली पांडवदऱ्याची लेणी बघायची होती. पहाटे चारला आम्ही तिघं कोडोलीतून निघालो. पन्हाळा मागे पडेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. पठारावर सावली नाही. जांभा दगड चपलेतून भाजत होता, वाळल्या गवताची कुसळं पँटमधून टोचत होती. कड्याकडची वाट घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्यांत मुजून गेलेली. हात ओरबाडले, पाण्याच्या बाटल्या संपल्या.

पठारावर एक धनगर मावशी भेटल्या. "कुठलं पाव्हणं? एवढ्या उन्हाचं कशाला आलायसा?" म्हणत त्यांनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. जात विचारली नाही. १९२७ साली महाडला पाण्यासाठीच चालत गेलेली माणसं मला त्या तांब्यात दिसली. लेण्यांचं विचारल्यावर मावशी म्हणाल्या, "पांडवांनी एका रात्रीत कोरल्याती म्हणत्यात."

मित्रांनो, मावशींचा यात काही दोष नाही. त्यांना दुसरं कोणी सांगितलंच नाही.

तथागतांनी पहिल्या साठ भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी फिरायला सांगितलं. दोघांनी एका वाटेनं जायचं नाही, असंही बजावलं. भिक्खू चालायचे आणि पावसाळ्यात एका जागी थांबायचे. तो वर्षावास. विहार ही अशी चालणाऱ्यांची घरं. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांनाही लोक पांडवलेणी म्हणत आले, पण भिंतीवरचे ब्राह्मी लेख भिक्खूसंघाला दिलेल्या दानाबद्दल बोलतात. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मी उलगडली, म्हणून ते आपल्याला वाचता आले. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या दानाच्या ठेवींची नोंद आहे. विचार करा, ज्यांना पुढे गावकुसाच्या कडेला ढकललं, त्या कष्टकऱ्यांवर एकेकाळी ठेवी सांभाळण्याइतका समाजाचा विश्वास होता. हे कुठल्या पोथीत नाही, दगडावर आहे.

म्हणून दंतकथेला उत्तर दंतकथेनं देऊ नका. लेण्यांच्या भिंतीवर रंगानं घोषणा लिहिणं, परस्पर मूर्ती बसवणं यानं आपलाच पुरावा बिघडतो. जा, मोजमाप घ्या, फोटो काढा, ब्राह्मी शिका, पुरातत्त्व खात्याकडे लेखी पाठपुरावा करा. कोल्हापूरकडच्या पोरांना तर लांब जायची गरज नाही. जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळ्याची बौद्ध लेणी आहेत. तिथून सुरुवात करा.

आणि परत येताना वाटेवरच्या माणसांना सांगा. मावशींना आम्ही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुमी पोरास्नी घिऊन या की." पाऊस उघडला की जायचं ठरलंय. कोयता, टेप आणि वही बरोबर घ्या.

जय भीम!