दोघींचं मिळून एक सोंग

मैत्रिणींनो, ‘सोंग’ हा शब्द आपल्याकडे बायकांना टोचून बोलायलाच जास्त वापरतात. “काय सोंगं करतेस!” हे कधीच ऐकलं नाही अशी बाई विरळाच. पण गौरीच्या रात्री झिम्मा-फुगडीच्या फेरात एकीनं सासू व्हायचं, दुसरीनं सून व्हायचं आणि वर्षभर मनात साठलेलं गाण्यातून ऐकवायचं, हे आपल्या आज्या-पणज्यांनीही केलंच की! त्या रात्रीचा जाब सकाळी कुणी विचारत नाही. आज मी तशाच एका खेळाबद्दल सांगणार आहे. फरक एवढाच, की तो अंगणात नाही, संगणकावर खेळतात.

मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि त्याचा जुना संगणक आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी, मधल्या खोलीत राहिला. त्यावर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’ नावाचा खेळ होता. टोल्किन या इंग्रज प्राध्यापकाची कादंबरी १९५४-५५ साली तीन भागांत निघाली; तिच्यावर बेतलेला हा खेळ २००७ साली सुरू झाला. देशोदेशीची माणसं एकाच वेळी त्या काल्पनिक मुलखात शिरतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. बरेचजण लढाया करतात. काहींना मात्र त्या पात्राचं जगणं जगण्यातच गोडी असते. त्याच्या तोंडून बोलायचं, त्याच्या स्वभावानं वागायचं. याला ‘रोल-प्लेइंग’ म्हणतात. आपण भूमिका करणं म्हणू.

ही कल्पना काही आजची नव्हे. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला, तो टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा. पुढं १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी अनेकांनी मिळून संगणकावर खेळायचा खेळ रचला. त्यात चित्र एकही नव्हतं, नुसते शब्द!

आता घरचं सांगते. माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांचा पलंग त्याच मधल्या खोलीत. बोलणं हळूहळू ‘चहा दे’, ‘गोळी दे’ एवढ्यावर आलं होतं. त्यातून ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमच्या इथून जवळचंच केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती! शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ मध्ये बांधलेलं ते थिएटर. सासूबाईंनी तरुणपणी तिथं किती नाटकं पाहिली असतील, त्यांनाच ठाऊक. त्यानंतर त्या भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागल्या.

एका संध्याकाळी मी मुलाला फोनवर विचारत विचारत माझं पात्र तयार करत होते. मागून आवाज आला, “कोण गं ती?”

“मीच व्हायचंय, आई. हॉबिट म्हणतात यांना. कमरेएवढी, अनवाणी हिंडणारी, शेतात आणि खाण्यापिण्यात रमणारी माणसं. मी म्हातारी सुगरण होणार.”

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. “या वयात हे काय काढलंस?”

सासूबाईच म्हणाल्या, “केशवराव पोरवयात शारदा व्हायचे. बाप्या माणसानं लुगडं नेसलेलं चालतंय, आणि हिनं म्हातारी झालेलं चालत न्हाई व्हय?”

हे गप्प! मीही गप्प. कितीतरी दिवसांनी त्या इतकं बोलल्या होत्या.

नाव काय ठेवायचं? हॉबिटांमध्ये मुलींना फुलांची नावं ठेवायची चाल टोल्किननं दाखवली आहे. तसं सांगितल्यावर सासूबाई जरा वेळ छताकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझंच घाल की. माहेरचं.” त्यांच्या लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं गेलं, आणि जुनं नाव माहेरच्या उंबऱ्याआड राहिलं. माझ्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. इथं लिहीत नाही. “तेवढं छापू नको,” असं त्यांनी बजावलंय.

तेव्हापासून आम्ही दोघी मिळून एकच बाई आहोत. त्या सांगतात, मी टाइप करते. तिकडं सगळं इंग्रजीत चालतं. माझं इंग्रजी बारावीपुरतं. पण खेड्यातल्या म्हातारीला कुठं मोठे शब्द लागतात?

तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर शिकलेलं सांगते. या खेळात सुरुवात फुकट करता येते.

पहिलं, भूमिका लहान घ्या. पहिल्याच दिवशी हरवलेली राजकन्या होऊ नका. तिचं पोट कशावर चालतं, तिला काय हवंय आणि ती काय लपवते, ही तीन उत्तरं जवळ असली की पुरे. हातात मुरलेलं काम द्या. या खेळात स्वयंपाक, शेती आणि शिवणकाम असा तीन कामांचा एक संचच घेता येतो.

दुसरं, आधी ऐका. ब्री नावाच्या गावात ‘प्रान्सिंग पोनी’ ही सराई आहे. तिथं कोपऱ्यात बसून दोन-चार दिवस बोलणी ऐकली. साधं बोलणं जवळच्यांनाच दिसतं. तिरकी रेघ देऊन नमस्काराचा शब्द लिहिला, की बाई खरंच वाकून नमस्कार करते!

तिसरं, दुसऱ्याच्या वाट्याचं आपण लिहायचं नाही. ‘मी भाकरी पुढं केली’ एवढंच लिहा. ती त्यानं घेतली का, खाल्ली का, हे त्याचं त्याला ठरवू द्या. फुगडीत आपण आपला तोल सांभाळतो, समोरचीचे पाय आपण उचलत नाही, तसंच हे.

चौथं, प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव तरंगत असतं. ते तुम्हाला दिसतं, पण त्यानं सांगेपर्यंत तुमच्या पात्राला ते माहीत नाही असं समजा.

पाचवं, पात्राचं बोलणं वेगळं आणि आपलं वेगळं. स्वतः म्हणून काही सांगायचं झालं तर ते कंसात लिहायची पद्धत आहे. पत्ता, फोन नंबर, फोटो कंसातसुद्धा द्यायचा नाही. कुणी लाडीगोडी लावू लागला, तर त्याचं बोलणं बंद करायची सोय आहे. ती बेलाशक वापरा. संगणक चारचौघांत, मधल्या खोलीत ठेवा. ह्यांची कुरकुर त्यानंच थांबली. आता जाता-येता तेही वाचतात.

एका रात्री सराईत एक तरुण शिपाई भेटला. आईशी भांडून घर सोडलंय, म्हणाला. परत जायचं नाही, म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, “त्याला म्हण, भाकरी गरम हाय तवर खा. घरचं मागनं बोलू.” मी लिहिलं. तो खाली बसला. मग त्या सांगत गेल्या, “मी सोळाव्या वर्षी घर सोडलं. काय बरोबर न्यायचंय, ते कुणी विचारलं न्हाई.” तेही मी लिहिलं. आणि मग त्याच आवाजात त्या म्हणाल्या, “तू बी रडलीवतीस पयल्या राती. ऐकू आलं हुतं मला.”

हे लिहायचं नव्हतं. ते माझ्यासाठी होतं.

“मग आला का नाहीत?” मी विचारलं.

“माझी सासू जागी हुती.”

पडद्यावर शिपायानं कंसात विचारलं, आहात ना? मी कंसातच लिहिलं, थोडं थांबा, घरात बोलणं चाललंय. तो थांबला. आम्ही किती वेळ बोलत होतो कुणास ठाऊक. पहिल्या रात्रीचं, पहिल्या बाळंतपणाचं, त्यांच्या मोडलेल्या शाळेचं. एकतीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली, पण त्या घरात त्या सासू होत्या आणि मी सून होते. तिसऱ्या बाईच्या तोंडून बोलताना दोघींचीही जीभ सुटली.

आता दुपारीही, संगणक बंद असताना, गप्पा होतात. सगळ्या गोडच असतात असं नाही. परवा आमटीवरून चांगलीच जुंपली. पण भिंतीकडं तोंड करणं गेलंय.

काल सासूबाईंनी विचारलं, “ही माहेरी कधी जाती गं?” तिचं माहेर शायर मुलखात, ब्रीच्या पश्चिमेला. ब्रँडीवाइन नदीवरचा पूल ओलांडला की आलं. घोडाही मिळतो, पण त्यांना चालत जायचंय, वाटेतलं सगळं बघत. येत्या रविवारी निघायचं ठरलंय. ह्यांना सांगून ठेवलंय, त्या दिवशी रात्रीचं जेवण तुम्ही वाढून घ्या.