मागची सीट

स्प्लेंडरची सीट सलग असते. पुढची कुठं संपली आणि मागची कुठून सुरू झाली हे सांगायला मधून एक आडवा पट्टा जातो, तेवढीच काय ती सरहद्द. पण त्या पट्ट्याच्या अलीकडं आणि पलीकडं दोन निराळे स्वभाव नांदतात. पुढची सीट मालकाच्या अंगवळणी पडलेली, बसून बसून खोलगट झालेली. मागची कायम दुसऱ्या कुणासाठी तयार. जो बसेल त्याचं वजन, त्याची घाई, त्याची भीती ती आपली मानते आणि तो उतरला की पुन्हा सपाट होऊन पुढच्याची वाट बघते.

लग्न न झालेल्या माणसाच्या गाडीची मागची सीट कोरी राहते, असा एक समज आहे. तो ज्यांचा असेल त्यांनी बोरगावात येऊन जावं. माझ्या गाडीवर पुढच्यापेक्षा मागचंच रेक्झिन आधी उसवायला लागलं आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

बोरगाव (मेघे) वर्धा शहराला खेटून आहे. पत्ता बोरगावचा, बँक, बाजार, कोर्टकचेरी, रेल्वे स्टेशन वर्ध्यात. चालत जायला लांब आणि ऑटोला पैसे द्यायला जिवावर यावं इतकं जवळ. अशा अंतरावरच्या वस्तीत एकट्या माणसाची मोटारसायकल सगळ्यांची होते. संसारी माणसाची मागची सीट मागायला लोक जरा कचरतात, तिथं हक्काचं कुणीतरी असतं. माझ्या सीटवर पहिला हक्क आधी हाक मारणाऱ्याचा. "भाऊ, चौकाकडं चालले का?" असं विचारून मी मान हलवेपर्यंत माणूस बसलेलाही असतो.

मागं कोण बसलंय ते बघावं लागत नाही, पाठीला कळतं. गल्लीतल्या आजी एका बाजूला पाय सोडून बसतात, एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात पासबुकाची पिशवी. त्यांचं वजन पोत्यातल्या कापसाइतकं, पण खांद्यावरची पकड अशी की मी चाळीसच्या वर जाऊच शकत नाही. माझा मित्र बसला की आधी मागचे शॉकअप बसतात, मग तो बोलायला लागतो, आणि उतरेपर्यंत बोलतो. हेल्मेटमुळं मला त्यातलं अर्धंही ऐकू येत नाही, पण उत्तर दिलं नाही तर तो पाठीवर थाप मारतो. शेजारचा शाळकरी पोट्टा बसतो तेव्हा त्याच्या हातात थर्माकोलचा ज्वालामुखी नाहीतर सौरमाला असते, आणि वारा लागून शनीची कडी उडू नये म्हणून मला सायकलच्या वेगानं जावं लागतं. आई गावाहून येते तेव्हा तुरीची डाळ, सरगुंडे आणि लोणच्याची बरणी सीटवर बसते आणि उरलेल्या जागेत आई. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो. जुन्या ट्यूबच्या रबरानं त्याला करकचून बांधलं की तो सगळ्यांत शहाणा प्रवासी. वळणावर कलत नाही, बोलत नाही, चहा मागत नाही.

हवा भरणारा दरवेळी एकच विचारतो, "सिंगल की डबल?" मागच्या चाकात एकट्यासाठी हवा कमी लागते, दोघांसाठी जास्त. कंपनीच्या पुस्तकातही दोन आकडे वेगवेगळे दिलेले असतात. मी "डबल" सांगतो. मग रिकाम्या गाडीवर खड्डे थोडे जास्त जाणवतात, पण रस्त्यात कुणी हात केला तर चाक बसत नाही.

कायद्यालाही ही सीट रिकामी राहील असं वाटत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १२८ वं कलम सांगतं की चालकाखेरीज एकच माणूस बसवावा, आणि तोही नीट पक्क्या बसवलेल्या सीटवर. १९८९ च्या नियमांतला १२३ वा नियम तर वाचण्यासारखा आहे. मागच्याला धरायला कायमची मूठ हवी, पाय ठेवायला आधार हवा, आणि कपडा चाकात अडकू नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं. हाच आपला साडी गार्ड. पोरं गाडी घेतली की पहिल्यांदा तोच काढून टाकतात, गाडी मर्दानी दिसावी म्हणून. मी कधीच काढला नाही. कायदा करणाऱ्यानं कुणा अनोळखी बाईच्या पदराचा विचार केला, तिच्या पायाला कुठंतरी टेकायला हवं हे लक्षात ठेवलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. काढलेले साडी गार्ड गॅरेजच्या कोपऱ्यात गंजत पडलेले दिसले की वाईट वाटतं. लग्नसराईत पदर किंवा ओढणी चाकात गेल्याचं ऐकू येतं तेव्हा तर जास्तच.

वर्ध्याच्या माणसाला डबलसीटचा इतिहास सांगायला लांब जावं लागत नाही. इथल्या बच्छराज शेठजींनी जमनालाल बजाजांना नातू म्हणून दत्तक घेतलं. पुढं १९४५ साली त्याच बच्छराज नावानं निघालेल्या कंपनीची बजाज ऑटो झाली. तिची चेतक १९७२ मध्ये आली आणि गॅस आणणं, पोरांना शाळेत सोडणं, बायकोला माहेरी पोचवणं, हे सगळं एका स्कूटरवर होऊ लागलं. ती मिळायला लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत. कितीतरी लग्नांत मुलीच्या बापाकडं ती मागितलीही गेली, आणि त्या मागण्यांनी काही घरं कर्जात बुडाली हेही विसरता कामा नये. माझ्या बाबांची चेतक मात्र त्यांच्या पगारातली होती. मी पुढं हँडलजवळ उभा, आई मागं. पुढं जुनी चेतक बनणं बंद झालं. आईला तिचा फोटो दाखवला तर ती अजून मागच्या सीटकडंच बोट दाखवते, "ही माझी जागा."

आता जे सगळे मला विचारतात त्याकडं येतो. त्या सीटवर 'ती' कधी बसणार?

विचारणाऱ्यांचा राग येत नाही. या जिल्ह्यात एकटं राहणं काही नवीन नाही. विनोबा १९२१ मध्ये वर्ध्याला आले आणि जन्मभर ब्रह्मचारी राहिले. त्यांचे धाकटे भाऊ बाळकोबा आणि शिवाजी, तेही तसेच. तीन भाऊ, तिघंही अविवाहित, आणि तिघांचीही आयुष्यं कामानं ओसंडून वाहिलेली. त्यांचं एकटेपण व्रताचं होतं, माझं वाट बघण्याचं. दोन्हींत फार अंतर आहे, तरी पवनारच्या धाम नदीवर गेलं की एवढं नक्की उमगतं की एकटा माणूस म्हणजे अर्धा माणूस नव्हे.

पण वाट बघणाऱ्यांचं दुःख खोटं नसतं. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर वरात नेली. टीव्हीवर बघून लोक हसले. मला हसू आलं नाही. त्यांची मागणी गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा नीट राबवा अशी होती, आणि ती रास्तच होती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८९४ मुली निघाल्या. ज्या मुलींना जन्मालाच येऊ दिलं नाही, त्या आज शिकत असत्या, नोकरी करत असत्या, कुणाला होकार आणि कुणाला नकार देत असत्या. आमच्या विदर्भात तर शेती करणाऱ्या पोराचा बायोडाटा लोक घडीही न उघडता परत देतात. पीक हातात येत नाही त्या घरात मुलगी द्यायला बाप कचरतो, आणि त्या बापाला दोष तरी कसा द्यावा?

माझं काम ऑफिसातलं, त्यामुळं मला निदान भेटीपर्यंत पोचता येतं. आणि भेटीसाठी वर्धा चांगलं गाव आहे, हे मी मनापासून सांगतो. जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून दारूबंदी. ओळख वाढवायची ती तर्रीपोहे, चहा आणि उन्हाळ्यात रसवंती यांच्या जिवावर. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो आणि बोलेल ते त्याचंच असतं. गोपुरीचं गीताई मंदिर तर पहिल्या भेटीसाठीच बांधलंय असं मला वाटतं. वर छप्पर नाही, आणि शिळांवर कोरलेली विनोबांची गीताई. बोलणं अडलं की समोरची शिळा वाचायची, दोघांनाही नजर ठेवायला जागा मिळते.

गाडीवर एकत्र जाणं मात्र इथं अवघड. एमएच ३२ ची प्रत्येक स्प्लेंडर सारखीच दिसते, तरी माझी गाडी चौकातल्या पानवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे ओळखतात. मुलींनी त्यावर स्कार्फचा उपाय काढला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, रेक्झिनवर हात टेकवत नाही, ओला दुपट्टा टाकल्याशिवाय बसता येत नाही. अशा उन्हात डोळे तेवढे उघडे ठेवून चेहरा बांधलेला असतो. ऊनही लागत नाही आणि मावशीही ओळखत नाही. या एका कापडानं विदर्भातल्या मुलींना जेवढं फिरू दिलं, तेवढं कितीतरी भाषणांनी दिलं नाही.

जिची गोष्ट सांगायची ती सेवाग्रामला नोकरी करते. पहिल्या भेटीला ती स्वतःच्या ॲक्टिव्हावर आली. दुसऱ्या भेटीलाही. गीताई मंदिराच्या बाहेर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या, आणि माझी मागची सीट आपली जागच्या जागी. मला हे फार आवडलं. तिला सोडायला कुणी लागत नव्हतं, तरी ती येत होती. म्हणजे येण्याचं कारण गाडी नव्हतं.

मग एकदा तिची ॲक्टिव्हा पंक्चर झाली आणि ती माझ्यामागं बसली. मधे पर्स ठेवली. एक हात मागच्या कॅरिअरला, दुसरा पर्सवर. पाठीला काहीच कळेना. वजन होतं, पण स्पर्श नव्हता, शब्द नव्हता. मी एवढंच केलं की प्रत्येक गतिरोधकाच्या आधी गाडी हळू केली आणि मोठ्यानं सांगितलं, "ब्रेकर आहे." सवय आजींमुळं लागलेली. उतरताना ती म्हणाली, "तुम्ही सांगून ब्रेक मारता." त्याआधी महिनाभर जे बोललो त्यापेक्षा त्या वाक्यानं मला जास्त सांगितलं. माझं ठाम मत झालंय की पुरुषाचा स्वभाव बघायचा तर त्याच्यामागं बसून रेल्वेपुलाच्या उतारावर बघावा. समोरासमोर चहा पिताना सगळेच चांगले असतात.

गेल्या आठवड्यात माझी गाडी सर्व्हिसिंगला होती. ती ॲक्टिव्हा घेऊन ऑफिसजवळ आली, स्टँड न लावताच म्हणाली, "बसा." आणि मी आयुष्यात पहिल्यांदा नीट मागच्या सीटवर बसलो.

तिथून रस्ता दिसत नाही, दुसऱ्याचं हेल्मेट दिसतं. ब्रेक कुणीतरी दुसरं मारतं. गुडघे कुठं ठेवावेत कळत नाही, हात कुठं ठेवावेत ते तर अजिबातच नाही. मी मागची मूठ धरली आणि १२३ वा नियम लिहिणाऱ्याचे आभार मानले. पहिल्या वळणावर मी उलट्या बाजूला कललो. "सरळ बसा," ती म्हणाली, "गाडी मी चालवतेय." मग मी सरळ बसलो. हळूहळू खांदे सैल झाले. इतकी वर्षं आजी, आई, मित्र, तो पोट्टा, सगळ्यांनी माझ्या पाठीकडं बघत केवढा विश्वास टाकला होता, हे मला बजाज चौकातून पुढं येईपर्यंत पुरतं कळलं. पुढं खड्डा आला तेव्हा तिनं वेग कमी केला आणि मान किंचित वळवून सांगितलं, "खड्डा." मी "हं" म्हणालो. एवढंच बोलणं झालं, आणि ते पुरेसं होतं.

बोरगावात शिरलो तर आजी दारातच बसलेल्या. मला मागं बघून त्यांनी चष्मा सारखा केला.

"काऊन रे, आज तू मांगं?"

"हाव आजी. गाडी सर्व्हिसिंगले टाकली."

त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग ॲक्टिव्हाच्या सीटकडं, मग परत तिच्याकडं. तिनं स्कार्फ सोडला आणि नमस्कार केला. आजींनी तोंडभर आशीर्वाद दिला, आणि मग काहीतरी आठवल्यासारखं करून मला विचारलं,

"मंग शनवारी मले ब्यांकेत कोन नेईन?"

मी तोंड उघडण्याआधी ती म्हणाली, "मी नेईन, आजी. किती वाजता येऊ?"