परीक्षकांची नापास मोटार

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशी विवाह विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लावून दिला आहे. ते वत्सगुल्म म्हणजे आमचे वाशिम. वर्गात हा उल्लेख आला की आम्हा दोघांचाही, म्हणजे आम्हा नवराबायकोचा, आवाज आपोआप थोडा चढतो. कारण आम्ही दोघेही याच गावात मराठीचे अध्यापन करतो, आणि वाकाटकांनंतर या गावाकडे मिरवण्यासारखे फार काही उरलेले नाही, अशी एक खंत आमच्या मनात असते. तर अशा या नगरीत, २०२४ च्या उन्हाळ्यात, आमची मोटार परीक्षेत नापास झाली. गेली दोन दशके आम्ही इतरांना गुण देत आलो. आमच्या नावावरच्या एखाद्या वस्तूला गुण मिळण्याचा प्रसंग तसा विरळाच.

मोटार म्हणजे मारुती ८००. २०१० च्या दसऱ्याला घेतलेली, पांढरी, एमएच ३७ क्रमांकाची. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, त्यामुळे हा सदतीसचा आकडा आमच्या पिढीला अजूनही नवा कोरा वाटतो. मोटार घेतली तेव्हा एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशातल्या तेरा शहरांत 'भारत स्टेज चार' हे प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले होते, आणि ते पूर्ण करू न शकणारी ८०० त्या शहरांत विकणे कंपनीने थांबवले होते. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरे त्या तेरांत होती. वाशिम अर्थातच नव्हते. आमच्यासाठी 'भारत स्टेज तीन' पुरेसे मानले गेले होते. पुण्याच्या हवेला जी मोटार चालत नव्हती, ती आम्ही हार घालून, लिंबू ठेवून, पेढे वाटून घरी आणली. १९८३ च्या डिसेंबरात दिल्लीत सुरू झालेला त्या मोटारीचा प्रवास २०१४ च्या जानेवारीत संपला. शेवटची काही वर्षे ती आमच्यासारख्या गावांच्या जिवावर जगली.

विकायचे ठरले ते साध्या कारणाने. मुले मोठी झाली, मागच्या आसनावर मावेनाशी झाली. नाव हस्तांतरित करायचे तर प्रदूषण नियंत्रणाचा, म्हणजे ज्याला सगळे 'पीयूसी' म्हणतात तो, चालू मुदतीचा दाखला हवा. आमचा संपून दोन महिने झाले होते. केंद्रावरच्या मुलाने धुराच्या नळीत सळई घातली, इंजिन सुरू ठेवायला सांगितले, क्रमांकाच्या पाटीचे छायाचित्र काढले आणि पडद्याकडे पाहून मान हलवली. आमच्या मोटारीच्या वर्गाला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्का, आमचा आकडा १.९. हायड्रोकार्बनची मर्यादा दशलक्षात ७५० भाग; आमचे ११०० च्या पुढे.

"पण धूर तर दिसत नाही," आम्ही म्हणालो.

दिसत नव्हता, हे खरेच. ऑइल जळत असले की निळसर धूर येतो, पेट्रोल नीट जळत नसले की काळा. आमच्या नळीतून नुसती गरम हवा येत होती. मात्र कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि माणसाला त्याची खबरही लागत नाही. मिस्त्रींनी बॉनेट उघडून निदान केले: हवेची जाळी तुंबलेली, ऑक्सिजन सेन्सर निकामी, आणि सायलेन्सरच्या आधी बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर 'मेलेला'. या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ लेप असतो आणि त्याच्या सान्निध्यात विषारी वायूचे रूपांतर कमी विषारी वायूत होते. तो लेप केव्हाच निकामी झाला असावा. म्हणजे कित्येक महिने, कदाचित वर्षे, आम्ही रोज सकाळी पाटणी चौकातून महाविद्यालयाकडे जाताना न दिसणारे काहीतरी मागे सोडत होतो आणि वर्गात जाऊन निसर्गकवितेवर व्याख्याने देत होतो.

आता करायचे काय? जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एका गृहस्थांनी पंचेचाळीस हजारांचा भाव सांगितला आणि धीर दिला, "सर, पीयूसीचं टेन्शन घेऊ नका. गाडी आणायचीही गरज नाही. नंबर प्लेटचा फोटो पाठवा, कागद येऊन जाईल." दुरुस्तीचा अंदाज सोळा हजारांवर गेला होता. पंचेचाळीस हजारांच्या वस्तूवर सोळा हजार खर्च करणे शहाणपणाचे नाही, हे सांगायला अर्थशास्त्राचे प्राध्यापक लागत नाहीत.

त्या रात्री आमच्यात वाद झाला. आमच्यातल्या एकाचे बालपण शेतात गेलेले. त्याच्या वडिलांनी एकदा बाजारात बैल विकायला नेला होता. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरला, आणि पैसे हातात पडण्याआधी वडील म्हणाले, "हा नांगराला बसतो, हे सांगून ठेवतो." भाव पडला. वडील मात्र निवांत घरी आले. तेव्हा त्याचे म्हणणे असे की, खोड सांगून विकावी. दाखला खोटा घेऊ नये, किंमत कमी करावी, दुरुस्ती घेणाऱ्याने करावी. एवढे केले की आपण मोकळे.

दुसरीचे म्हणणे वेगळे होते. बैल नांगराला बसला तर नुकसान घेणाऱ्याचे होते, म्हणून त्याला सांगितले की पुरते. धुराचे तसे नाही. विकणारा आणि घेणारा, दोघांनाही सगळे ठाऊक असले, दोघेही राजी असले, तरी धूर घेणारा तिसराच असतो. तो या सौद्यात कुठेच नसतो. बसस्थानकाबाहेर दिवसभर केळी विकत बसणारी बाई, शाळा सुटल्यावर रस्त्याच्या कडेने जाणारी पोरे, यांना कोणी भाव विचारला होता? खरे बोलल्याने आपले मन हलके होईल, हवा हलकी होणार नाही.

हा मुद्दा आम्हा दोघांनाही त्या रात्री पुरता पटला असे नाही. मात्र एकदा तो ऐकल्यावर इतर अनेक गोष्टी त्याच अंगाने दिसू लागल्या. २०१४ आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर आणायला बंदी केली, तेव्हा 'ना हरकत' घेऊन त्या गाड्यांना दुसऱ्या राज्यांची वाट मोकळी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या मार्चअखेरीस 'स्टेज तीन'च्या गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत भरघोस सवलतीच्या दुचाक्यांसाठी दुकानांत झुंबड उडाली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२० चा अहवाल सांगतो की, २०१५ ते २०१८ या काळात जगभरात १ कोटी ४० लाख वापरलेल्या मोटारी एका देशातून दुसऱ्या देशात गेल्या. सुमारे ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, त्यातही निम्म्याहून अधिक आफ्रिकेत. धूर वर जातो असे आपण म्हणतो, बाजारात मात्र तो उताराकडे वाहतो. मुंबई-पुण्याने नाकारलेले वाशिमने घ्यायचे, वाशिमने वापरलेले मालेगाव-मानोऱ्याच्या खेड्याने.

मग तो आला. त्याचे नाव लिहीत नाही. आमचाच विद्यार्थी, २०१६ साली एम.ए. झालेला, मालेगाव तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. आईला महिन्यातून दोनदा अकोल्याला दवाखान्यात न्यावे लागते, पातूरच्या घाटातून एसटीने तिला झेपत नाही, म्हणून गाडी हवी होती. "सरांची गाडी म्हणजे पाहायचं काम नाई," तो मोटारीकडे न पाहताच म्हणाला.

आम्ही नापासाचा कागद त्याच्यापुढे ठेवला. कन्व्हर्टरचे सांगितले, सेन्सरचे सांगितले, नोंदणीची मुदत २०२५ च्या ऑक्टोबरात संपते हेही सांगितले. त्याने कागद वाचला, घडी घातली आणि अगदी सहज, कोणताही टोला न मारता म्हणाला, "कागदाचं काय हाय सर, कागद त भेटून जाते. एम.ए.चा बी भेटलाच ना मले."

चहा निवत होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

त्याच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या वीस गुणांपैकी अठरा गुण आम्ही दिले होते. स्वाध्याय गाइडमधून जसाच्या तसा उतरवलेला होता, मुद्रणाच्या चुकांसकट. आम्हाला ते तेव्हाच कळले होते. पोरगा गरीब, घरची तीन एकर कोरडवाहू, त्या साली सोयाबीन बुडालेले. गुण कापून कोणाचे भले होणार होते? त्याला गुण हवे होते, आम्हाला निकाल हवा होता, महाविद्यालयाला टक्केवारी हवी होती. सगळे राजी होते. त्या सौद्यात नसलेले तिसरे कोण, हा प्रश्न आमच्या मनात आला नाही. आता तो अकरावीच्या साठ मुलांना मराठी शिकवतो. मुलांना निबंध कसा शिकवतोस, असे आम्ही चाचरत विचारले, तेव्हा त्याने प्रामाणिक उत्तर दिले: "गाइडातून लिहून देतो, सर. मले बी तसंच येते."

२०१५ साली फोक्सवॅगन कंपनीचे बिंग फुटले, तेव्हा आम्ही वर्गात त्यावर मोठ्या तावातावाने बोललो होतो. त्यांच्या डिझेल मोटारींत अशी संगणकीय योजना होती की परीक्षा चालू आहे हे मोटारीला ओळखता येई. तेवढ्यापुरती ती स्वच्छ श्वास टाकी आणि रस्त्यावर आली की मर्यादेच्या कैक पट विष ओकी. जगभरात अशा १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. 'पाहा भांडवलशाहीचे कपट,' असे काहीसे आम्ही म्हणालो होतो. परीक्षा ओळखून तेवढ्यापुरते स्वच्छ होणारे यंत्र आम्ही दर वर्षी, एकही सुटा भाग न वापरता, तयार करतो, हे तेव्हा सुचले नाही.

असो. मोटार दुरुस्त करायचे ठरले. हवेची जाळी, प्लग आणि सेन्सर बदलल्यावर आकडा ०.९ वर आला, तरीही नापास. "आता फोटोवर काढून घ्या," असा सल्ला तिथेही मिळाला. मग कन्व्हर्टर बदलला. तिसऱ्या खेपेस ०.३६ आले. एकूण खर्च सोळा हजार चारशे. किंमत आम्ही वाढवली नाही; पंचेचाळीसलाच दिली. यात दानत होती असे वाचकांनी समजू नये. खर्च त्याच्यावर टाकणे आम्हाला जमले नाही, एवढेच. एकोणतीस आणि तीस क्रमांकाच्या अर्जांवर सह्या करताना मात्र आम्ही चौकस होतो, कारण नोंदवहीतले नाव बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालक जुनाच राहतो. उद्या अपघात झाला तर भरपाईचा दावा त्याच्यावर येऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे पुन्हा एकदा स्पष्ट केले आहे. सह्या झाल्या, नाव बदलले आणि मोटारीच्या बाबतीत आमचे उत्तरदायित्व संपले.

विद्यार्थ्याच्या बाबतीत नाव बदलण्याची अशी सोय नाही. त्याच्या गुणपत्रिकेवरचे अठरा आमचेच आहेत आणि आमचेच राहतील. आम्ही त्याला रविवारी घरी यायला सांगितले. चार-पाच रविवार तो आला. गाइड बाजूला ठेवून आम्ही तिघांनी निबंध लिहिले, एकमेकांचे तपासले. मग पेरणीचे दिवस आले आणि ते थांबले. एवढ्याने काही भरून निघाले, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. दर सहा महिन्यांनी तो पीयूसीच्या कागदाचा फोटो मात्र न चुकता पाठवतो. पहिल्यांदा ०.३८ होते, नंतर ०.४४. मर्यादेत आहे, चढते आहे.

आमच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. बाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत आणि कीर्तन रात्री करीत. आम्ही कीर्तनावर निभावून नेत होतो. यंदा अंतर्गत मूल्यमापनात आम्ही सहा स्वाध्याय परत केले आणि स्वतः लिहून आणा म्हणून सांगितले. त्यांपैकी तिघांनी आणले. वाक्ये मोडकी आहेत, पण त्यांची आहेत. दोघांनी वेगळ्या गाइडातून उतरवून आणले, तेही परत केले. सहावा अजून आलेला नाही. त्याचा मोबाइल बंद आहे, वर्गमित्र म्हणतात की तो हळद काढायला रिसोडकडे गेला आहे. गुणांचा तक्ता पाठवण्याची मुदत शुक्रवारपर्यंत आहे आणि त्याच्या नावापुढची चौकट अजून रिकामी आहे.