पंखा बंद करून बिल कमी होत नाही

पोस्ट थोडी मोठी आहे, पण घरातलं वीजबिल समोर घेऊन वाचलीत तर वेळ वाया जाणार नाही.

एप्रिल-मे आला की आमच्या खानदेशात पत्रकाराकडे बातम्या कमी आणि वीजबिलं जास्त येतात. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, अगदी दहाव्याला गेलो तरी कुणीतरी खिशातून घडी घातलेलं बिल काढतं. "भाऊ, बघा बरं, एवढं कसं आलं?" दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आमच्या उशाशी. धूर आमच्याकडे, राख आमच्याकडे आणि बिल बघून छातीत धडधडही आमच्याकडेच!

पंधरा-वीस वर्षं ही बिलं बघतोय. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. बहुतेक घरांत काटकसर चुकीच्या जागी होते, आणि ती करते घरातली सगळ्यात गरीब स्वभावाची व्यक्ती. म्हणजे आजी, आई, नाहीतर दिवसभर घरात एकटी असलेली सून.

माझ्याच घरातलं सांगतो. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. 2024च्या मे महिन्यात आमचं बिल 340 युनिटचं आलं. चार हजारांच्या पुढे. त्यानंतर आई दुपारी पंखा बंद करून ओसरीत बसायला लागली. बाहेर 44 अंश. विचारलं तर म्हणे, "एकट्या बाईला कशाला लागतो पंखा? तुम्ही आल्यावर लावूच की."

मग कागद-पेन घेऊन बसलो. साधा जुना पंखा 75 वॅटचा. चार तास चालला तर 0.3 युनिट. आमच्या बिलातल्या वरच्या टप्प्याचा दर लावला तरी पाच-साडेपाच रुपये. म्हणजे अर्धा कटिंग चहा! तेवढ्यासाठी म्हातारं माणूस उन्हाच्या झळा सोसत बसणार, आणि उष्माघात झाला तर एका सलाईनमध्ये वर्षभराची बचत जाणार.

तर मग बिल कुठे वाढतं? त्यासाठी टप्पे समजून घ्यावे लागतील. सगळ्या युनिटचा भाव एक नसतो. 2024-25च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिल्या 100 युनिटचा दर 4 रुपये 71 पैसे होता. 101 ते 300 साठी 10 रुपये 29 पैसे. 301 ते 500 साठी 14 रुपये 55 पैसे. प्रत्येक युनिटवर 1 रुपया 17 पैसे वहन आकार वेगळा. स्थिर आकार वेगळा. आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, पण रचना हीच. तुमच्या बिलावरचे आकडे घेऊन हिशेब करा.

एक गैरसमज मात्र काढून टाका. 101वा युनिट जळला म्हणून आधीचे शंभर महाग होत नाहीत. शंभराच्या पुढचेच महाग. याचा अर्थ असा की तुम्ही जो युनिट वाचवता तो नेहमी सगळ्यात महागडा असतो. आमचे 340चे 260 झाले तर चाळीस युनिट 15 रुपये 72 पैशांचे वाचतात आणि चाळीस 11 रुपये 46 पैशांचे. वीज शुल्क धरून साधारण साडेबाराशे रुपये. युनिट चोवीस टक्के कमी, बिल तीस टक्क्यांच्या आसपास कमी.

आता हे ऐंशी युनिट शोधायचे कुठे? रात्री घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रीजसुद्धा, आणि मीटरसमोर उभे राहा. मीटरवरचा लाल दिवा तरीही लुकलुकत असेल तर कुठेतरी वीज जातेय. मग एकेक वस्तू चालू करत दिवा किती जोरात लुकलुकतो ते बघा. यंत्र नको, इंजिनिअर नको.

आमच्याकडे तीन चोर सापडले. पहिला, पाण्याची मोटर. फूट व्हॉल्व्ह गळका, त्यामुळे पाणी चढायलाच वेळ लागायचा आणि पंधरा मिनिटांचं काम चाळीस मिनिटं चालायचं. दुसरा, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स. रिमोटने बंद केला तरी आत चालूच. दहा वॅट, पण चोवीस तास, म्हणजे महिन्याला सात युनिट. तिसरे आणि सगळ्यात मोठे, तीन जुने पंखे. आमच्याकडे मेमध्ये पंखा सोळा तास फिरतो. 75 वॅटने महिन्याला 36 युनिट. बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे साडेचौदा युनिट. तीन पंख्यांत साठच्या वर युनिट वाचले. पंखा अडीच-तीन हजारांचा. तिन्ही एकदम नाही घेतले, दिवाळीपासून एकेक करत घेतले. आणि जुना खोकेवाला रेग्युलेटर असेल तर त्यावर पंखा हळू करून फारसं काही वाचत नाही, ती वीज रेग्युलेटर तापवण्यात जाते.

2025च्या मेमध्ये युनिट 260च्या आत आले. पंखा आईच्या डोक्यावर दिवसभर चालू होता. घरात कुणीही घाम गाळून बचत केली नाही.

इथपर्यंत घरातली गोष्ट. आता गावातली.

ज्यांच्या नावावर मीटरच नाही त्यांचं काय? आपल्या गावात एका मीटरवर तीन-तीन खोल्या भाड्याने आहेत. समजा, प्रत्येक बिऱ्हाड 90 युनिट वापरतं. वेगळी मीटरं असती तर तिघांचेही सगळे युनिट पहिल्या, स्वस्त टप्प्यात बसले असते. पण मीटर एक, म्हणून बिल 270 युनिटचं, आणि 170 युनिट जवळपास दुप्पट दराने. 2024-25च्या दराने हा फरक महिन्याला साडेनऊशेच्या जवळ जातो, शुल्क वेगळं. जादा मीटरांचा स्थिर आकार वजा केला तरी फायदा उरतोच. वर काही घरमालक सरसकट चढा दर लावतात. म्हणजे बंगल्यातल्या माणसाचे पहिले शंभर युनिट स्वस्त, आणि दहा बाय दहाच्या खोलीतल्या मजुराला पहिलाच युनिट महाग! वीज कायदा 2003च्या कलम 43 मध्ये जागेच्या मालकाबरोबर भोगवटादारालाही जोडणी मागायचा हक्क दिलाय. घरमालकांनो, संमतीपत्र द्यायला हात आखडू नका. त्यात तुमचं काही जात नाही.

आणि बिलच चुकलं असेल तर? पहिलं काम, बिलावरचं चालू रीडिंग मीटरशी ताडून बघा. रीडिंगच्या जागी सरासरी लावली असेल तर लगेच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. चार महिन्यांचे युनिट एकदम एका महिन्यात टाकले असतील तर ते महिन्यांमध्ये विभागून टप्प्यांचा फायदा मागा. तोंडी बोलून "बघतो" यापलीकडे काही मिळत नाही. कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यावर विद्युत लोकपाल.

"नाही भरलं तर उद्या लाईन कापू" असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. कलम 56 प्रमाणे पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरता येते. तेवढी भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. मात्र काहीच न भरता बसू नका, तिथे कायदा तुमच्या बाजूने नाही.

आज एवढंच करा. मीटरचा फोटो काढा, उद्या त्याच वेळेला परत काढा. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे तुमचा एका दिवसाचा वापर. त्याला तीसने गुणा आणि कुठल्या टप्प्यात बसता ते बघा. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी शेजारच्या कॉलेजच्या पोरापोरींनी दहा मिनिटं द्यावीत. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तेवढं सांगा, की पंखा चालू ठेवा, बिलाचं आम्ही बघतो.