सिलेक्टच्या वेशातलं डिलीट

परवा एका पोराला सॉरी म्हणावं लागलं. चूक माझ्या कोडची होती, आणि संशय मात्र मी त्याच्यावर घेतला होता.

झालं असं, की पोस्टग्रेसच्या एका टेबलातल्या ४० ओळी गायब झाल्या. डेटा बदलणारी प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये टिपायची सोय मीच केलेली. लॉग बघितला तर कोरा! म्हणजे कुणीतरी थेट डेटाबेसमध्ये शिरून त्या उडवल्या. तसा अ‍ॅक्सेस माझ्याशिवाय त्या एकालाच. "मी नाही केलं, सर," तो म्हणाला. मी नुसतं "बघू" म्हटलं. पण ज्या सुरात म्हटलं त्यावरून त्याला कळलं असणारच...

आता माझी सोय कशी होती बघा. लिबपीक्यू ही पोस्टग्रेसची सी लायब्ररी. क्वेरी चालली की ती एक स्टेटस देते. 'टपल्स ओके' म्हणजे ओळी देणारी क्वेरी (सिलेक्टला एकही ओळ मिळाली नाही तरी हेच), आणि 'कमांड ओके' म्हणजे ओळी न देणारी. मी सरळ हिशोब केला: टपल्स ओके म्हणजे नुसतं वाचन, ते कशाला टिपायचं?

पण ८.२ पासून, म्हणजे २००६ पासून, डिलीटला 'रिटर्निंग' जोडता येतं. मग उडवलेल्या ओळी परत मिळतात आणि स्टेटस येतं टपल्स ओके. झाली ना पंचाईत!

म्हणून कमांड टॅग बघायला लागलो. त्यात 'डिलीट ४०' असं स्वच्छ लिहून येतं. खूश होऊन रात्रीची साफसफाई टेस्टवर चालवली, तर ओळी गेल्या आणि लॉग पुन्हा कोरा. तिथे 'विथ'च्या कंसात डिलीट होतं आणि बाहेर मोजणीचं सिलेक्ट. ९.१ (२०११) पासून हे चालतं, पण टॅग येतो बाहेरच्याचा: 'सिलेक्ट १'. चोर घरातच होता. त्या साफसफाईत तारखेची अट चुकली होती, तीही मीच लिहिलेली.

तर मंडळी, स्टेटस फक्त एवढंच सांगतं की उत्तर वाचायचं कसं. आत काय घडलं ते सांगणं त्याचं काम नाही, मीच ते त्याच्या गळ्यात मारलं होतं. आता लॉग टेबलावरचा ट्रिगर लिहितो. कंसातलं डिलीटही त्यात येतं.

पोराला बोलावून सगळं दाखवलं. "मी म्हटलं होतं ना, सर," एवढंच म्हणाला.

असो.