एकोणसाठ हजार फक्त!

मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर मी आधी नाहीच म्हणालो. पहिलीपासून कॉन्व्हेंट! घरी मराठी बोलतो, पण 'एकोणसाठ' म्हणजे ५९ की ६९, हे आजही मनात उजळणी केल्याशिवाय कळत नाही. आणि नेमक्या त्याच आकड्याने माझी पंचाईत केली.

७ जानेवारी २०२५. सकाळचे आठ. लास व्हेगासमध्ये आदल्या दिवशीची संध्याकाळ. आमच्या रूममध्ये अकरा जण एका लॅपटॉपसमोर. (पहिल्या लेक्चरला कोण नव्हतं ते सरांना आता कळेल. असो.) सीईएसच्या स्टेजवर एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग चकाकतं काळं जॅकेट घालून आले आणि त्यांनी आरटीएक्स ५०९० दाखवलं. ३२ जीबी मेमरी, २१,७६० कुडा कोअर्स! रूममध्ये शिट्ट्या. किंमत १९९९ डॉलर, भारतात २,१४,००० रुपयांपासून पुढे. शिट्ट्या बंद. मग कोणीतरी वाचलं, कार्ड एकटं ५७५ वॅट खातं. रेक्टर सरांनी आमचा पाणी तापवायचा रॉड नुकताच जप्त केला होता. "मग हेच बादलीत सोडू," एक जण म्हणाला.

खरा गोंधळ पुढे झाला. ५०७० आलं. ५४९ डॉलर, आपल्याकडे ५९,००० पासून, आणि म्हणे परफॉर्मन्स ४०९० चा! ४०९० म्हणजे २०२२ साली १५९९ डॉलरला आलेलं कार्ड. आम्ही गाद्यांवर उड्या मारल्या. फक्त शेठ गप्प होता. दोन वर्षं ट्यूशन्स घेऊन, पै पै जमवून त्याने दिवाळीत ४०७० घेतलं होतं. त्याच्याकडे कोणी बघेना. तो उठून मेसमध्ये निघून गेला. पोहे होते, तरी खाल्ले नाहीत म्हणे.

मी मात्र लगेच बाबांना फोन लावला. "प्रोजेक्टला लागतंय." आता प्रोजेक्ट लॅबमधल्या पीसीवर बरा चालला होता, हे आमच्या गाईड मॅडमनाही माहीत आहे.

"केवढ्याला?"

"फिफ्टी नाइन थाउजंड."

"म्हणजे एकोणसाठ?"

मला उलगडा होईना. ६९ म्हणत असतील तर? तरी 'हो' म्हणून टाकलं. बाबा थोडं थांबले. "बोनसचे ठेवलेत थोडे. बघू."

रात्री शेठनेच सगळं उलगडून सांगितलं. ५०७० ला मेमरी १२ जीबी, ४०९० ला २४. मग बरोबरी कशी? तर कार्ड एक फ्रेम स्वतः काढतं आणि पुढच्या तीनपर्यंत फ्रेम्स एआय भरतं. आपण प्रॅक्टिकलला एक रीडिंग घेतो आणि उरलेली तीन अंदाजपंचे भरतो, तसंच! ग्राफ सुंदर येतो. गेम दिसायला स्मूद, पण बटण दाबल्यावरचा प्रतिसाद त्या एका खऱ्या फ्रेमच्याच वेगाने. हे एआयशिवाय शक्य नाही, असं हुआंग यांनी त्याच दमात सांगितलंही होतं. आमच्या आरडाओरड्यात ते ऐकलं कोणी? मार्चमध्ये ५०७० बाजारात आलं तेव्हा भरलेल्या फ्रेम्स वगळल्या की ते ४०९० च्या बरंच मागे पडतं हे दिसलंच. शेठने त्या दिवशी दोन वेळा भात घेतला.

मला मात्र बाबांचं ते थांबणं आठवत राहिलं. पॅसेजमध्ये जाऊन फोन केला.

"बाबा, ते कार्ड नको."

"का रे? पैसे काढून ठेवलेत मी."

"त्यातल्या बऱ्याच फ्रेम्स खोट्या आहेत."

"मग खऱ्या फ्रेमवालं घेऊ. ते केवढ्याला?"

"दोन लाख चौदा हजार."

पलीकडे शांतता. मग बाबा म्हणाले, "जेवलास का?"